चुकायचं काम

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. दांडी लोखंडाची, पारडी पितळेची, साखळ्या अजून शाबूत. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल. तुमच्या दुकानात हल्ली एक चपटा डबा असतो, त्यावर भेंडी टाकली की लाल आकडे नाचतात, आणि त्याला तुम्ही काटा म्हणता. म्हणा बापडे. अडाण्यांशी वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही.

स्वभावाने मी तुसडा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलणाऱ्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही खूप वाचली असतील. ती छत्री, ती फाटकी चप्पल, ते रडकं वडाचं झाड. माझ्याकडून तसल्या रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म खामगावचा. एका म्हाताऱ्या लोहाराने माझी दांडी घडवली. तिच्या बरोबर मधोमध भोक पाडायला त्याने जितका वेळ घेतला, तितका वेळ आजचे साहेब अख्खी शाळा तपासायला घेत नाहीत. तिथून मी नारायणराव नावाच्या अडत्याच्या दुकानात टांगला गेलो. सरकी, ढेप, तूर, मूग, सगळं माझ्या पारड्यांतून गेलं. माल चढला की शेतकरी आणि व्यापारी दोघेही बोलायचे थांबायचे आणि माझ्या काट्याकडे बघायचे. लक्ष्मीपूजनाला मला हळद-कुंकू लागायचं. त्या दिवसांचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मग तो लाल आकड्यांचा डबा आला. नारायणरावांनी मला भंगारवाल्याला दाखवलं. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून नारायणरावांना एकाएकी दानधर्म आठवला. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं मूळ गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला त्यांनी मला भेट दिलं. देण्याआधी माझ्या डाव्या पारड्यावर ऑइलपेंटने वडिलांचं नाव लिहून घेतलं, ‘यांच्या स्मरणार्थ’ सकट, दोन हात मारून. रंगाच्या वजनाने डावं पारडं खाली गेलं. मग उजव्या बाजूला एक खडा बांधून मला सरळ करावं लागलं. त्याला पासंग म्हणतात. नारायणरावांचा सगळा दानधर्म त्या पासंगालाही पुरला नसता.

शाळेत सुरुवातीला एक गुरुजी होते, ते मला वर्गात काढायचे. ते निवृत्त झाले आणि मी कपाटात गेलो. फुटका पृथ्वीगोल, गुंडाळलेले नकाशे आणि एक पाल, ही माझी सोबत. तपासणी असली की मला पुसून टेबलावर मांडायचे. साहेब लांबून म्हणायचे, "वा, साहित्य भरपूर आहे." साहेबांची गाडी वळली की मी पुन्हा आत. हा मान मिळण्यापेक्षा भंगारात वितळलो असतो तर बरं, असं मला कित्येकदा वाटलं.

कपाटाचं दार मोडकं असल्यामुळे ते लागत नसे. त्यामुळे वर्गात काय चालतं ते सगळं मला दिसायचं आणि ऐकू यायचं. तुम्हाला हे जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापक रंगराव सर, हे गावातलेच. यांचा सगळा जोर फोटोंवर. वृक्षारोपणाचा खड्डा दरवर्षी तोच, रोप नवं आणि सदरा नवा. फोटो ग्रुपवर गेला की रोपाचं काम संपलं. पाहुण्यांसमोर वर्ग हुशार दिसावा म्हणून त्यांनी मुलांना एक युक्ती शिकवून ठेवली होती. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा आणि ज्याला येत नाही त्याने डावा. त्यामुळे कुठलाही प्रश्न विचारा, हात सगळ्यांचे वर. सरांनी उजवा हात तेवढा पाहून विचारायचं. या युक्तीवर त्यांना एक प्रशस्तिपत्रही मिळालं आहे.

दुसऱ्या जागेवर यंदा सुचिता मॅडम आल्या. घाटावरच्या, साखरखेर्ड्याच्या. नुकत्याच शिक्षणसेविका म्हणून लागलेल्या, म्हणजे तीन वर्षं मानधनावर. नोकरी पक्की व्हायची तर मुख्याध्यापकांचा शेरा चांगला हवा. तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एकाच खोलीत त्यांच्या पुढ्यात टाकले गेले. पहिल्या दिवशी त्यांनी रंगरावांना विचारलं, "सर, दोन वर्गांचं टाचण कसं काढायचं?" टाचण म्हणजे उद्या काय आणि कसं शिकवायचं त्याची आदल्या दिवशी केलेली आखणी.

रंगराव म्हणाले, "मागच्या सालचं हाये न कपाटात. तारखा बदलून घ्या अन् सही घेऊन जा."

हे त्यांचं मार्गदर्शन. तेव्हा मॅडमनी मोबाईलमधल्या त्या एआयकडे मोर्चा वळवला, यात मला तरी नवल वाटलं नाही. सबंध गावात त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारं तेवढंच होतं.

मधल्या सुट्टीत त्या माझ्या कपाटाशेजारी बसत आणि मोबाईलशी बोलत. त्या बोलल्या की तो लिहून घ्यायचा, आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचा. मित्रांनो, इतका बडबडा प्राणी मी खामगावच्या बाजारातही पाहिला नव्हता. चौथीला वजन शिकवायचं म्हटल्यावर त्याने पहिल्याच दमात सांगितलं की मुलांना जवळच्या सुपरमार्केटला न्या आणि पाकिटांवरची वजनं वाचायला लावा. आमच्या गावात जवळचं सुपरमार्केट म्हणजे आशाबाईंचं दुकान. तिथल्या पाकिटांवर एकच गोष्ट वाचण्यासारखी असते, ती म्हणजे उलटून गेलेली तारीख.

मॅडम म्हणाल्या, "इथं सुपरमार्केट नाही. खेडं आहे. कापूस पिकतो इथं."

तो म्हणाला, "आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात!" आणि पापणी लवायच्या आत सुपरमार्केट जाऊन तिथे कापूस आला. इतक्या चटकन मत बदलणारे मी फक्त निवडणुकीच्या दिवसांत पाहिले आहेत.

पहिले काही आठवडे मॅडम एक डोळा मोबाईलवर आणि एक मुलांवर ठेवून शिकवत. ‘आता जोडीत चर्चा’ असं त्यात लिहिलेलं असलं की त्या म्हणायच्या, "आता जोडीत चर्चा करा." मुलं जोडीत बसून कुणाच्या शेतात रानडुक्कर शिरलं त्याची चर्चा करायची. चौथीतली समीक्षा एकदा उठून म्हणाली, "मॅडम, मोबाईलमधी काय पाहून राह्यल्या तुमी?"

मॅडम खरं बोलल्या. "पुढं काय शिकवायचं ते बघतेय."

"मंग आमाले इचारा न. मांगच्या बाईनं कुठलोक शिकवलं ते आमाले माहीत हाये."

मॅडम हसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. समीक्षा मला तेव्हापासून बरी वाटते. मला बरी वाटणारी माणसं फार नाहीत.

दिवाळी झाली, कापूस फुटला. वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होतो, हे इथे कुणी कुणाला सांगत नाही. समीक्षाही काही दिवस आई मंजुळाबाईंबरोबर वावरात जायची. पण परत यायची, आणि बुडालेलं भरून काढायची. नेमकी त्याच वेळी शिक्षण परिषद आमच्या शाळेच्या गळ्यात पडली. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. एक जण नमुना पाठ घेतो, बाकीचे पोह्यांची वाट पाहतात.

रंगराव वर्गात आले. "मॅडम, वरून विषय आला हाये. पाठ नियोजनात एआयचा वापर. नमुना पाठ तुमीच घ्या. तुमच्या मोबाईलात ते हाये न." मग कपाटाकडे पाहून म्हणाले, "वजनाचा पाठ घ्या. तराजूबी दिसन फोटोत."

म्हणजे मी. फोटोत दिसण्यासाठी.

मॅडमनी मोबाईलकडून पाठाची आखणी करून घेतली आणि संग्रामपूरहून छापून आणली. आखणी वाईट नव्हती, हे मला मान्य करावं लागतं. कापसाचा मोठा बोळा आणि लहानसा दगड घ्यायचा. कोण जड, ते मुलांना आधी विचारायचं. मग दोन्ही पारड्यांत ठेवून मुलांनाच बघू द्यायचं. कडेला एक रकाना होता, ‘मुलांच्या संभाव्य चुका’. त्यात लिहिलं होतं, ‘काही मुले म्हणतील, कापूस मोठा आहे म्हणून कापूस जड.’

रंगरावांनी तो कागद पेन घेऊन वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला. "हे बेस हाये. यानं तं उत्तरंबी देऊन टाकले. मॅडम, बरोबर उत्तर प्रज्वल देईन, त्याचा आवाज मोठा हाये. आता ही चूक कोण करन?"

मॅडमना कळलंच नाही. "म्हणजे?"

"इथं लेहलं हाये न, काही मुलं म्हणतील. मंग कोणी तं म्हणाले पाह्यजे. साहेबाच्या हातात हाच कागद राहीन. चूक आली नाही तं साहेब म्हणन, पाठ नियोजनाप्रमाणं झाला नाही."

मी आयुष्यात नाना तऱ्हेचे लबाड पाहिले. खोटं माप वापरणारे पाहिले, मालात माती घालणारे पाहिले. पण चूकसुद्धा ठरल्याप्रमाणे यावी म्हणून ती वाटून देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"समीक्षा करन," रंगराव म्हणाले. "तशीबी अर्धे दिवस कापूस वेचाले जाते. ते चुकली तं कोणाले नवल नाही वाटणार."

"सर, तिला सगळं येतं."

"येतं म्हणूनच तं सांगतो. न येणाऱ्या पोट्ट्याले एवढं लंबं वाक्य पाठ होईन का?"

यावर मॅडम गप्प बसल्या. शेऱ्याचं पेन रंगरावांच्या खिशात होतं, हे मलाही ठाऊक आहे. तरीही त्या गप्प बसण्याचा मला संताप आला, आणि तो संताप अजून पुरता गेलेला नाही.

तालीम सुरू झाली. मला छताच्या कडीला टांगलं, झेंडूची माळ घातली. आणि मित्रांनो, ऐका. इतके दिवस तालीम चालली, पण माझ्या पारड्यात कुणी एकदाही काही ठेवलं नाही. रंगराव डस्टर उचलून म्हणायचे, "समजा हा कापूस." खडूची पेटी उचलून म्हणायचे, "समजा हा दगड." उत्तर कागदावर होतंच, मग तोलायचं कशाला? तराजूसमोर उभं राहून तोंडी वजन करणाऱ्या या गुरुजनांची मला कीव करावीशी वाटली, पण कीव करायला थोडं प्रेम लागतं.

पहिल्या दिवशी समीक्षा उठली आणि सरळ म्हणाली, "दगड जड हाये."

"तुले काय सांगतलं होतं? तुह्यं वाक्य काय हाये?"

"पण सर, बोळ्याहून दगडच जड राह्यते न."

"ते प्रज्वल सांगन. तू तुह्यं काम कर."

मग तिने मान खाली घालून ते म्हटलं, पुस्तकी भाषेत, जसंच्या तसं. "कापूस मोठा आहे म्हणून कापूस जड." सगळा वर्ग हसला. हसायचं हे कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे ते हसणं तालमीपुरतं राहिलं नाही. मैदानात मुलं तिला ‘चुकणारी’ म्हणू लागली. ती पाढा म्हणायला उभी राहिली तर मागून आवाज यायचा, "ए, तुले चुकाचं हाये न!" तिने पाढा बरोबर म्हटला तरी मुलं हसायची. हळूहळू तिने हात वर करायचं सोडलं. उजवाही नाही आणि डावाही नाही. मग ती यायचीच बंद झाली.

परिषद अगदी तोंडावर आली असताना मंजुळाबाई शाळेत आल्या. वावरातून तशाच आलेल्या, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. दारातच उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक इचारू का? पोरगी म्हणते, मले शाळेत चुकाचं काम देल्लं हाये. असं कुठं राह्यते का?"

मॅडम हातातला खडू ठेवून दाराशी गेल्या.

"मी काही शिकलेली नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं, शाळेत बरोबर शिकवतात. चुकाचंच असन तं घरी चुकन, थोडा कापूस तं वेचन. आता नाही पाठवत मी तिले. सीझन होऊ द्या, मंग पाहू."

मंग पाहू म्हणजे काय, ते इथे सगळ्यांना कळतं. गेल्या साली पुष्पांजली नावाची एक मुलगी अशीच ‘मंग पाहू’ म्हणून गेली. पटावर तिचं नाव आहे, वर्गात ती नाही.

मंजुळाबाई गेल्यावर मॅडम बाकावर बसल्या आणि मोबाईलमध्ये बोलल्या, "एका मुलीला मुद्दाम चुकीचं उत्तर पाठ करायला लावलं. ते तुझ्याच आखणीत होतं."

मोबाईलने नेहमीप्रमाणे लांबण लावली. तुमची भावना समजू शकतो वगैरे. पण त्या पाल्हाळात दोन वाक्यं कामाची होती. ‘संभाव्य चुका मुलांनी म्हणायच्या नसतात. त्या शिक्षकाने ऐकण्यासाठी असतात.’ आणि पुढे, ‘त्या मुलीला स्वतःला काय वाटते, हे आपण तिला विचारले का?’

वा रे शहाणा! एवढं सांगायला यंत्र लागतं? पण लागलं खरं. गावात दोन शिक्षक, वर केंद्रप्रमुख, त्यांच्या वर साहेब, त्यांच्या वर मोठे साहेब. एवढ्या उतरंडीत हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

मॅडम त्याच पावली मंजुळाबाईंच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. परत आल्या तेव्हा त्या रंगरावांना म्हणाल्या, "सर, समीक्षा येईल. पण ती तिला वाटेल तेच बोलेल, असा मी शब्द दिलाय."

रंगराव दुसऱ्याच विवंचनेत होते. "हो हो, येऊ द्या. अन् तिच्या घरी कापूस हाये न? बोळा-बिळा नको. मांगच्या रांगेतल्या गुरुजीले दिसाले पाह्यजे. मोठं गाठोडं आणाले सांगा."

परिषदेच्या दिवशी मोटारसायकलींनी मैदान भरलं. आत सतरंजीवर शिक्षक, खुर्चीवर केंद्रप्रमुख, त्यांच्या हातात तो कागद. अर्धे गुरुजन मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, आणि विषय होता मोबाईलचा वापर. समीक्षा आली ती डोक्यावर कापसाचं भलंमोठं गाठोडं घेऊन. दारात वाकताना तिची मान कलली, पण कुणी पुढे झालं नाही. फक्त मॅडम धावल्या, तोवर तिने ते टेबलावर टाकलंही होतं.

पाठ सुरू झाला. मॅडमनी गाठोड्याशेजारी मुठीएवढा काळा दगड मांडला. "मुलांनो, यात जड काय असेल?"

प्रश्न संपायच्या आत प्रज्वल उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दगड आकाराने लहान असला तरी दगड जड, कारण आकार आणि वजन या वेगळ्या गोष्टी आहेत." टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांनी कागदावर खूण केली. पेन पुढच्या ओळीवर थांबलं. आता चूक यायची होती. मागे उभ्या असलेल्या रंगरावांनी समीक्षाकडे पाहून भुवई उडवली.

मॅडम म्हणाल्या, "समीक्षा, तुला काय वाटतं? कुणी सांगितलेलं नको. तुला वाटतं ते सांग."

समीक्षा उठली. तिने रंगरावांकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे. "कापूस जड," ती म्हणाली.

सतरंजीवर हसू पसरलं. रंगराव खूश झाले, केंद्रप्रमुखांनी दुसरी खूण केली. मॅडमचा चेहरा मात्र पडला. पोरगी शेवटी घाबरून पाठ केलेलंच बोलली, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी विचारलं, "का गं? मोठा आहे म्हणून?"

"नाही मॅडम. मोठा हाये म्हणून नाही. मीनं डोक्यावर आणला. बोळा असता तं दगड जड होता. हे तं गाठोडं हाये."

हसू विरलं. मॅडमनी गाठोडं उचललं, आणि उचलतानाच त्यांना कळलं असावं, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ते माझ्या एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात दगड. कापसाचं पारडं धाडकन खाली गेलं. कितीतरी वर्षांनी माझ्या पारड्यांत खरं वजन पडलं होतं. मला बरं वाटलं, हे मी स्पष्ट सांगतो.

रंगराव मागून लगबगीने आले. "साहेब, तराजू जुना हाये, अडकते कधी कधी," असं म्हणत त्यांनी दगडाच्या पारड्यावर हात ठेवला आणि ते खाली दाबू लागले. हसत हसत, सगळ्यांसमोर, मुलांसमोर. कागदावर दगड जड होता, म्हणून दगड जड व्हायलाच हवा होता. मी हळूहळू आडवा झालो, मग उलटा कललो. माझ्या आयुष्यात मला यापेक्षा मोठी शिवी कुणी दिलेली नाही. प्रज्वलने टाळी वाजवायला हात उचलले. समीक्षा खाली बसली, पुन्हा मान घालून. ती बसली ती या वर्गात शेवटचीच, उद्यापासून ती यायची नाही, हे मॅडमना दिसलं.

मॅडम रंगरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "सर, हात काढा."

"अहो मॅडम, अडकलं हाये ते."

"अडकलेलं नाही. तुम्ही दाबलंय. हात काढा, मुलं बघतायत."

रंगरावांनी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. केंद्रप्रमुखांनी कागदाकडे पाहिलं, कागदात याचं उत्तर नव्हतं. शेवटी रंगरावांनी हात काढला. दगड वर गेला आणि कापूस खाली आला.

"समीक्षाचं उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि चूक माझी आहे. मी तोलून न बघता शिकवायला उभी राहिले." मग त्यांनी समीक्षालाच पुढे बोलावलं आणि गाठोड्यातला कापूस मूठमूठ काढायला लावला. दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत. सगळा वर्ग उठून माझ्याभोवती गोळा झाला. उजवा-डावा हात विसरून सगळे एकदम ओरडत होते, "अजून एक मूठ! नाही बे, जास्त झाला, टाक परत!" काही गुरुजीही सतरंजीवरून उठले.

पुढचं अगदी अपेक्षेप्रमाणे झालं. केंद्रप्रमुखांनी शेरा लिहिला, ‘एआयचा प्रभावी वापर. पाठ उत्तम.’ मला वाटतं तो शेरा ते घरूनच लिहून आले होते. ग्रुपवर फोटो गेला, त्यात मी, माळ आणि रंगराव. मॅडमच्या शेऱ्याचं काय होईल ते तीन वर्षांनी कळेल. रंगराव त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात. त्यात मॅडमचं काही बिघडलेलं मला तरी दिसत नाही.

सगळे पोह्यांवर तुटून पडले असताना मंजुळाबाई आपलं गाठोडं न्यायला आल्या. त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "झालं का तुह्यं चुकाचं काम?"

समीक्षा म्हणाली, "नाही माय. आज ते काम सराकडे होतं."

मंजुळाबाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम विस्कटलेला कापूस गाठोड्यात भरू लागल्या. मंजुळाबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "उद्यापासून पाठवतो. दुपारून वावरात नेईन, पण सकाळी पाठवतो."

ती येते. रोज सकाळी येते.

मॅडम अजूनही त्या मोबाईलशी बोलतात. त्या दिवसाची हकिगत त्यांनी त्याला सांगितली, तर तो म्हणाला, "अतिशय सुंदर अनुभव!" तो सगळ्यांनाच सुंदर म्हणतो, त्याच्या कौतुकाला मी काडीची किंमत देत नाही. पण हल्ली मॅडम आधी मुलांना विचारतात आणि मग त्याला सांगतात. तो काही सुचवतो तेव्हा त्या म्हणतात, "थांब, आधी करून बघते." मला कपाटातून काढून खिडकीपाशी कायमचं टांगलं आहे. मुलं माझ्या पारड्यांत चपला तोलतात, बोरं तोलतात, एकदा तर त्यांनी कोंबडीचं पिल्लू बसवलं. खामगावच्या बाजारपेठेत काम केलेल्या तराजूची ही गत.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे या ठिकाणी मी माझी निगा राखण्याची विनवणी करायला हवी. ती मी करणार नाही. मला तेल नको, हार नको, फोटो तर मुळीच नको. एवढंच सांगतो. कुणी तुम्हाला तयार बरोबर उत्तर दिलं तर एक वेळ घ्या, परीक्षेत उपयोगी पडेल. पण कुणी तुमच्या हातात तयार चूक ठेवली तर ती घेऊ नका, मग देणारा सर असो, साहेब असो की मोबाईल असो. चुकायचंच असेल तर आपल्या मनाने चुका, आणि मग माझ्याकडे या, पारड्यात ठेवून पाहा. मी तुमची बाजू घेणार नाही. पण हसणारही नाही.